दवाखान्यात पहिलीच नोकरी? केसपेपरवरचा आकडा खरा ठेवा

पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासात कोणीतरी तुम्हाला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारेल. मुलगा असाल तर ‘ब्रदर’. गावाकडचे म्हातारे बाबा असतील तर थेट ‘डॉक्टरीणबाई’. ऐकायला फार बरं वाटतं. मलाही वाटलं होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या गावाहून सकाळची एसटी पकडून नाशिकला निमाणी स्टँडवर उतरायचे आणि तिथून शेअर रिक्षाने शरणपूर रोडला. बारावी आणि सहा महिन्यांचा रुग्णसहायकाचा कोर्स, एवढीच शिदोरी. आता बारा वर्षं झाली या कामात. येत्या एक तारखेपासून माझी चुलतबहीण कॅनडा कॉर्नरजवळ एका दवाखान्यात लागतेय. तीन दिवस झाले, रोज रात्री तिचा फोन असतो. तिला जे सांगितलं ते इथे लिहून काढते, नव्याने लागणाऱ्या सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

तर त्या हाकेपासूनच सुरुवात करू. नर्सिंगचा एएनएम कोर्स दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, आणि वर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, तेव्हा कुठे माणूस सिस्टर होतो. आपण मदतनीस. हाक मारणाऱ्याला दर वेळी थांबवून हे सांगत बसायची गरज नाही, पण तो सिस्टर समजून काही करायला सांगत असेल तर तिथे सांगायचंच: “काका, मी इथे मदतनीस आहे. सिस्टरांना बोलावते.” यात कमीपणा काही नाही. बारा वर्षांत मी हे वाक्य शेकडो वेळा बोलले असेन. एकाही पेशंटने मला त्यावरून कमी लेखलेलं नाही. उलट पुढच्या वेळी येऊन “त्या दिवशीची ताई कुठेय?” असं विचारणारे बरेच भेटले.

कामाला हो म्हणण्याआधी

पगार किती, कोणत्या तारखेला, आठवड्याची सुट्टी कोणती, ड्युटी किती तासांची, रात्रपाळी असेल तर घरी जायची सोय काय, हे सगळं आधी विचारा. लाजू नका. मॅडम किंवा सर मोठे आहेत, कसं विचारायचं, म्हणून मी पहिल्या ठिकाणी विचारलं नाही. दोन महिने पगार उशिरा आला तेव्हा तारीख कोणती ठरली होती हेच मला सांगता येईना, कारण काही ठरलंच नव्हतं.

दुसरं, मूळ मार्कशीट आणि सर्टिफिकेट कोणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ कागद परत पिशवीत. “सगळ्यांचे आमच्याकडेच असतात” असं कोणी म्हणालं तरी नाही. मुलींचे कागद अडकतात आणि मग नोकरी सोडायची म्हटलं की सोडता येत नाही.

दवाखान्यात दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील आणि तुमचा पगार महिना २१,००० रुपयांच्या आत असेल, तर ईएसआयसीबद्दल, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याबद्दल, विचारा. पगारातून थोडे पैसे कापले जातात म्हणून कुरकुर करू नका. सातपूरला ईएसआयचं हॉस्पिटल आहे, आणि घरात आई-वडील आजारी पडले की त्या कार्डाची किंमत कळते.

हजेरी मस्टरवर तर मांडाच, पण एका छोट्या डायरीत आपली स्वतःचीही ठेवा. आलो किती वाजता, निघालो किती वाजता.

बीपीचा पट्टा आणि माझं अक्षर

आता मूळ काम. ओपीडीत बहुतेक ठिकाणी तुमच्याकडे आधी हेच येतं: वजन, ताप, बीपी, नाडी, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र, आणि ते सगळं केसपेपरवर लिहिणं. सोपं वाटतं. म्हणूनच इथे सगळ्यात जास्त चुका होतात.

सहा-सात महिने झाले होते मला. सोमवार होता. सोमवारची ओपीडी म्हणजे जिन्यापर्यंत माणसं. माझ्याबरोबर एक जुने सहकारी होते. ते म्हणाले, “अगं, एवढ्यांचं बीपी घेत बसलीस तर संध्याकाळ होईल. ज्यांना बीपीचा त्रास नाही त्यांचं एकशेवीस-ऐंशी टाक आणि आत पाठव.” मी टाकलं. चार जणांच्या केसपेपरवर मी पट्टा न बांधता १२०/८० लिहिलं. चौथे होते ते पन्नाशीचे गृहस्थ, खांदा दुखतो म्हणून आलेले. आत गेल्यावर सरांनी सहज म्हणून पुन्हा बीपी घेतलं. १९०/११०.

सरांनी मला आत बोलावलं. ओरडले नाहीत. केसपेपर माझ्यासमोर धरला आणि विचारलं, “हे अक्षर कोणाचं?” मी काहीच बोलू शकले नाही. ते म्हणाले, “मी आज हाताला लागला म्हणून पट्टा बांधला. रोज बांधत नाही. तुझ्या आकड्यावर औषध लिहितो.”

त्या चारातल्या बाकीच्या तिघांना मी बाहेर शोधत गेले. दोघे भेटले, त्यांचं बीपी घेतलं. तिसऱ्या बाई निघून गेल्या होत्या. रजिस्टरमधून नंबर काढून त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्या आल्या, बीपी ठीक निघालं. पण ती एक रात्र मी झोपले नाही.

म्हणून सांगते, जे मोजलं नाही ते लिहू नका. वेळच नसेल तर रकाना रिकामा सोडा आणि आत सांगा, “सर, यांचं बीपी घ्यायचं राहिलंय.” रिकामा रकाना दिसतो. खोटा आकडा दिसत नाही.

आता ते घ्यायचं कसं, कारण घाईत घेतलेलं बीपीही खोट्याच्या जवळच जातं. पेशंट जिना चढून आला असेल तर पाच मिनिटं बसू द्या. पाठ खुर्चीला टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. हात टेबलावर, छातीच्या पातळीत. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन येऊ द्या. अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू झालंय का ते विचारा. आपल्याकडच्या बायकांना मिश्रीचंही वेगळं विचारावं लागतं, त्या तिला तंबाखू धरत नाहीत. पट्टा उघड्या दंडावर. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची माणसं दोन-दोन स्वेटर घालून येतात, तेव्हा बाही वर सरकवून चालत नाही, घट्ट झालेली बाहीच दंड आवळते. एक हात स्वेटरमधून बाहेर काढायला सांगा. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तर बीपी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, म्हणून मोठा पट्टा कुठे ठेवलाय हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आणि पट्टा फुगत असताना पेशंटशी बोलू नका, त्यालाही बोलू देऊ नका.

डायलिसिसच्या पेशंटचा फिस्टुलाचा हात असतो, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून रक्तवाहिन्या जोडलेला. त्या हाताला पट्टा नाही, सुई नाही, काहीच नाही. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाईंनाही आधी विचारा कोणती बाजू, आणि दुसरा हात वापरा.

द्राक्षाचे हात

शुगर मोजायच्या यंत्राबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण ती आपल्या नाशिकचीच आहे.

मार्च महिना, द्राक्षाची काढणी जोरात. पेठकडची एक मजूर बाई, तिशीची असेल, बागेत काम करताना गरगरलं म्हणून मुकादमाने आणली. डॉक्टरांनी शुगर बघायला सांगितली. मी स्पिरिटच्या कापसाने बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीला लावला. २८६. बाई घाबरली, मुकादम घाबरला. मी आकडा घेऊन आत गेले. सरांनी बाईंचा हात हातात घेऊन बोटं एकमेकांवर घासली आणि मला म्हणाले, “हात लावून बघ.” चिकट होते. सकाळपासून मणी फुटलेले घड हाताळून बोटांवर रस वाळलेला. साबणाने हात धुवायला लावले, कोरडे केले, दुसऱ्या बोटावर पुन्हा टोचलं. १०४.

स्पिरिटने ती साखर नीट जात नाही. साबण आणि पाणीच लागतं, आणि त्यानंतर बोट पूर्ण कोरडं. पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. बोटाच्या टोकाला मधोमध टोचू नका, कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने पट्ट्या खराब होतात. आणि आकडा पेशंटच्या दिसण्याशी जुळत नसेल तर एकदा पुन्हा मोजा. पुन्हा मोजण्यात एक पट्टी जाते. न मोजण्यात एखाद्याला आयुष्यभराची गोळी लागू शकते.

त्या बाईंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि उन्हात पाणी कमी प्यायल्या होत्या. तेवढंच होतं ते.

ऑक्सिजनच्या यंत्राचंही असंच. गडद नेलपॉलिश, मेंदी, गार पडलेली बोटं, यांनी आकडा चुकतो. बोट चोळून गरम करा, दुसरं बोट बघा. पण आकडा खरंच कमी असेल आणि माणसाला धाप लागलेली असेल तर बोटं बदलत बसू नका, सरळ आत.

रक्त, नळ्या आणि नाव

रक्त काढायला तुम्हाला नीट शिकवलेलं असेल आणि शिकवणारं कोणी समोर असेल तरच हातात सुई घ्या. पण नळ्या भरणं आणि चिठ्ठ्या लावणं तुमच्याकडे लवकर येतं. क्रम पाठ करा: आधी निळ्या झाकणाची, मग लाल किंवा पिवळी, मग जांभळी, शेवटी करडी. जांभळीतलं औषध चुकून लालमध्ये गेलं तर पोटॅशियम जास्त आणि कॅल्शियम कमी दिसतं, आणि डॉक्टर त्या रिपोर्टवर उगाच घाबरतात. निळी नळी बरोबर खुणेपर्यंत. नळ्या जोरजोरात हलवायच्या नाहीत, हलकेच उलटसुलट करायच्या.

चिठ्ठी नळी भरल्यावर, पेशंट समोर असतानाच लावायची. आधीच दहा नळ्यांवर नावं चिकटवून ठेवू नका. आणि नाव असं विचारा: “तुमचं पूर्ण नाव सांगा.” “तुम्ही अमुकच ना?” असं विचारलं की कमी ऐकू येणारे आजोबा मान डोलावतात. आपल्याकडे एकाच आडनावाची अर्धी गावं असतात, नावही तेच निघतं. मधलं नाव आणि वय, दोन्ही जुळल्याशिवाय पुढे नाही.

सुई टोचली तर

वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. कधीच नाही. मला पहिल्याच वर्षी टोपण लावतानाच टोचली. थेंबभर रक्त आलं. मी हात धुतला, बोटाला पट्टी लावली आणि गप्प बसले. वाटलं, सांगितलं तर काढून टाकतील. संध्याकाळी आमच्याकडच्या मावशींनी, म्हणजे साफसफाई करणाऱ्या, पट्टी बघितली. चार प्रश्न विचारले आणि दंडाला धरून मॅडमकडे नेलं. तो पेशंट कोण होता ते आठवून त्यांना बोलावलं, त्यांच्या संमतीने तपासणी केली, माझीही केली. सगळं निगेटिव्ह आलं. पण मधले ते तास मी त्या मावशींच्या शेजारी बसून काढले.

टोचली की लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, वर स्पिरिट चोळू नका. आणि त्याच मिनिटाला डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं जितकी लवकर तितकी चांगली, शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. दवाखाना टाळाटाळ करत असेल तर वाट बघत बसू नका, त्र्यंबक रोडचं सिव्हिल गाठा. हिपॅटायटिस बीची लस मात्र टोचायची वाट न बघता आत्ताच घ्या. तीन डोस असतात: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. कामाला लागताना “मॅडम, माझी बीची लस राहिलीय” एवढं म्हणायला विसरू नका.

कचऱ्याच्या रंगांचा नियम २०१६ पासूनचा आहे. रक्त-पू लागलेला कापूस आणि बँडेज पिवळ्यात. सलाईनच्या नळ्या, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज लालमध्ये. सुया आणि ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्यात. पांढरा डबा पाऊण भरला की बंद करा. चुकीच्या पिशवीतली सुई तुम्हाला टोचत नाही, ती उचलणाऱ्या मावशींना टोचते.

रांग कोणासाठी मोडायची

पेशंटला सगळ्यात आधी तुम्ही बघता, डॉक्टर नंतर. त्यामुळे रांगेतून कोणाला उचलून आत न्यायचं, हे तुमच्या नजरेवर असतं. आणि माणसं आजाराची नावं सांगत नाहीत. ती म्हणतात, “जीव घाबरा होतोय.” “छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय.” “हातपाय गळाले.” कळवण-सटाण्याकडचे अहिराणीत “पोट दुखस” म्हणतील आणि हात पोटाच्या वर, छातीच्या खाली ठेवतील. साठीचा माणूस, शुगर असलेला, पोटात जळजळ म्हणतोय आणि घामाने डबडबलाय, त्याला ॲसिडिटीच्या रांगेत बसवू नका. लगेच आत, लगेच ईसीजी.

तोंड एका बाजूला वाकडं, बोलणं जड, एका हातातली ताकद गेलेली, हे दिसलं की पहिला प्रश्न: “हे किती वाजता सुरू झालं?” आणि ती वेळ कागदावर लिहा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ती वेळ बऱ्याचदा आपल्यासारख्यांच्या बाकांवर संपते. मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं असेल तर १०८ लावा.

फवारणीच्या दिवसांत आणखी एक. माणसाला घाम सुटलाय, तोंडातून लाळ गळतेय, उलट्या, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात. बागेतून आलाय का विचारा. हातमोजे घालून त्याचे कपडे काढायला मदत करा, अंग साबण-पाण्याने धुवा, आणि बरोबरच्यांपैकी एकाला औषधाची बाटली आणायला पाठवा. बाटलीवरचं नाव बघून डॉक्टरांचे उपचार झटकन सुरू होतात.

एखाद्याला पुढे घेतलं की बाकीचे चिडणार. गुपचूप नेऊ नका, मोठ्याने सांगा: “या काकांच्या छातीत दुखतंय, त्यांना आधी नेतेय. तुमचा नंबर तसाच आहे.” असं सांगितल्यावर मला आजवर फारसं कोणी अडवलं नाही.

माणसं चिडतात तेव्हा

रागाचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, किती वेळ लागेल हे कोणी सांगत नाही. “होईल, बसा” हे उत्तर देऊ नका. “तुमच्या आधी सहा जण आहेत, तासभर धरा. चहा घेऊन या, नंबर जाऊ देणार नाही, माझी जबाबदारी.” आणि मग तो शब्द पाळा. सर ऑपरेशनमध्ये अडकले असतील तर तेही सांगा. ‘येतायत, येतायत’ करून दोन तास बसवलेला माणूस भडकला तर चूक आपली.

आवाज चढला तर आपला खाली आणा. पैशांवर वाद घालू नका, तो विषय तुमचा नाही. समोरच्याच्या अंगाला हात लावू नका. दाराजवळ उभे राहा, एकटे राहू नका, वॉर्डबॉय मामांना किंवा सिस्टरांना हाक मारा. हात उचलला गेलाच तर ११२. महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांवर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. तो फक्त डॉक्टरांसाठी नाही, आपल्यासाठीही आहे.

डॉक्टर पेशंटसमोर ओरडले तर? होतं. त्या क्षणी उलट बोलू नका, रडत बाहेरही पळू नका. हातातलं काम पूर्ण करा. ओपीडी संपली की दार वाजवा: “सर, दोन मिनिटं. चूक माझी होती, पुन्हा होणार नाही. पण पेशंटसमोर बोललात की नंतर ते माझं ऐकत नाहीत.” मी हे एकदा बोलले तेव्हा पाय लटपटत होते. सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “बरोबर आहे.” सगळीकडे असंच होईल असं नाही. पण न बोलता तीन महिन्यांत नोकरी सोडलेल्या मुली मी पुष्कळ पाहिल्यात, त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं.

“मागच्या वेळचंच इंजेक्शन दे ना, सर कशाला पाहिजेत?” हे ओळखीचे लोक हमखास म्हणतात. गावाकडचे नातेवाईक तर फोनवर गोळ्या विचारतात. नाही म्हणा. मागच्या वेळी सोसलेलं इंजेक्शन या वेळी सोसेलच असं नसतं, आणि रिॲक्शन आली तर तुमच्या हातात काहीच नसतं. डॉक्टरांनी फोनवरून औषध सांगितलं तर लिहून घ्या, परत वाचून दाखवा, आल्यावर त्यावर सही घ्या.

जे बोलायचं नाही

लग्नात आत्या विचारतात, “आमची सून तुझ्याच दवाखान्यात आली होती ना? काय झालंय तिला?” उत्तर एकच: “आत्या, तिथलं मी बोलत नाही.” दोन-तीन लग्नांनंतर विचारायचं बंद होतं. केसपेपरचा, रिपोर्टचा फोटो कुठल्याही ग्रुपवर नाही. वेटिंगमध्ये मोठ्याने तपासणीचं नाव नाही, नुसतं “काल सांगितलेली तपासणी” म्हणा. मुलगा की मुलगी हे विचारणाऱ्यांना, पैसे पुढे करणाऱ्यांनाही, १९९४ च्या कायद्याने हा गुन्हा आहे एवढंच सांगा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

मुलांसाठी: बाईंचा ईसीजी काढायचा असेल तर पडदा ओढा आणि मावशींना आत उभं करा. त्या बाईंसाठी आणि तुमच्यासाठीही.

मुलींसाठी: कोणी नको तिथे हात लावला, नको ते बोललं, रात्री मेसेज केले, मग तो पेशंट असो, मोठा डॉक्टर असो, औषध कंपनीचा एमआर असो, तारीख-वेळ लिहून ठेवा, मेसेज पुसू नका, घरी एका माणसाला सांगा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान दवाखाना असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तीन महिन्यांच्या आत तक्रार द्या. ती नोकरी गेली तर जाऊ द्या. नाशिकमध्ये दवाखाने कमी नाहीत.

आणि पहिला मृत्यू. तो येतोच. माझ्यासमोर गेलेल्या आजींची पाण्याची बाटली बाकावरच राहिली होती, ती नातवाला द्यायला गेले आणि मलाच रडू फुटलं. रडा. घरी जाऊन बोला. झोप उडाली, जेवण जाईना, कामावर यायची भीती वाटू लागली, तर १४४१६ वर, म्हणजे टेलि-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करा, तिथे मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

संध्याकाळी निघताना

फ्रिजचं तापमान बघा, दोन ते आठ अंशांच्या मध्ये हवं. इन्शुलिन आणि लशी फ्रीजरच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्शुलिन टाकूनच द्यावं लागतं. लाइट गेली तर फ्रिज उघडू नका. शुगरच्या पट्ट्या मोजा. उद्या उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांना एक-एक फोन करा, “सकाळी चहाही नको” एवढं सांगा, कारण चहा बहुतेकजण खाण्यात धरत नाहीत. उद्याच्या नंबरांचे केसपेपर काढा. काढता काढता आजचे एकदा उलटून बघा, कुठे रकाना रिकामा राहिलाय का. राहिला असेल तर तो भरू नका, शेजारी पेन्सिलने बारीक फुली करा आणि सकाळी पहिल्यांदा डॉक्टरांना तोच कागद दाखवा.